बांधापलीकडचं वांगं

तुळशीचं लग्न लागून दोनेक दिवस झाले असतील. कुमुदाक्का ओट्यावर मेथी निवडत बसली होती. पुंडलिक बोंडे पायरीशी येऊन उभा राहिला आणि "रामराम" न म्हणता त्यानं हातातली पिशवी तिच्यापुढं उलटी केली.

"आक्का, याले काय म्हनावं, तूच सांग."

पिशवीतून वांगी घरंगळली. आकार ओळखीचा होता, करंजोदच्या भरीताच्या वांग्याचा, लांब आणि बुडाशी भरलेला. पण रंग ओळखीचा नव्हता. हिरव्या अंगावर कुणीतरी शाईचा बोळा फिरवावा तशी जांभळी झाक होती. दोन वांगी तर देठापासून बुडापर्यंत जांभळी होती.

"कुठली रे ही?"

"माह्या वावरातली. तुह्या बियाची."

कुमुदाक्काच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

करंजोदला वांगी रंग म्हणजे हिरवा, पांढऱ्या रेघांचा. फैजपूरच्या कापडदुकानात नवा नोकर लागला आणि कुणी बाईनं वांगी रंगाचं पातळ मागितलं की तो जांभळ्या घड्या उलगडायला लागायचा. मग बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "अरे दादा, वांगं कधी जांभळं असतं का?" बाहेर असतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते वांगं भाजीचं. भरीताचं वांगं एकच, आणि ते हिरवंच.

ते बी सांभाळलं होतं कुमुदाक्काच्या वडिलांनी, बापू नारखेड्यांनी. चांगलं झाड हेरून त्याच्यावरचं एक वांगं ते न तोडता ठेवायचे, चुकून कुणी तोडू नये म्हणून देठाला लाल दोरा बांधायचे. ते वांगं झाडावरच हळदीसारखं पिवळं व्हायचं. मग ते चिरून बी पाण्यात धुवायचं, तरंगेल ते फेकायचं, बुडेल ते राखेत चोळून सावलीत वाळवायचं. मुलाला, डिगंबरला, एवढा धीर नव्हता. मुलीला होता. कुमुदला गावातच दिली होती, फेगड्यांकडं. त्यामुळं लग्नानंतरही ती बापूंबरोबर वाफ्यावर वाकलेली असायची.

बापूंनी हातपाय चालत होते तेव्हाच वाटणी केली आणि विहिरीकडची पट्टी मुलीच्या नावावर लावली. गावात कुजबूज झाली. पण डिगंबरनं कपाळाला आठी न घालता सही केली, वर पेढे वाटले. "आक्कानंच मले कडेवर घेऊन वाढवलं," तो म्हणाला, "तिले नाही तर कोनाले देनार?" तेव्हापासून गावात भावाचं उदाहरण द्यायचं झालं की लोक डिगूचं नाव घ्यायचे. बापूंनी दोघांना बांधावर उभं करून एवढंच मागितलं होतं, की या दोन वावरांत दुसरं वांगं लावायचं नाही. लावलं तर फुलं बाटतील आणि पुढच्या साली बी बिघडेल. डिगूनं बापूंच्या गुडघ्याला हात लावून हो म्हटलं होतं.

बापू गेल्यावर कुमुदाक्का आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, बी वाटायची. पैसे घ्यायची नाही. ज्याला हवं त्यानं वाटी घेऊन यावं, चहा प्यावा, बी घेऊन जावं. सगळं गाव तिच्या बियावर भरीताची वांगी काढायचं आणि भुसावळ-जळगावच्या भरीताच्या दुकानांत पाठवायचं.

"सांग नं आक्का," पुंडलिक म्हणाला. "दुकानवाल्यानं काल माल परत केला. भाजली तर साल निघत नाही, आत बियाच बिया, आन चव म्हनशील तर कडूशार. मी त्याले काय सांगू?"

"मले समजत नाही, पुंडलिक. खरंच समजत नाही."

"तुले नाही समजत तर कोनाले समजन?"

पुंडलिक गेला, आणि चार दिवसांत तसे बरेच जण येऊन गेले. सगळी झाडं बिघडली नव्हती. काही हिरवीच होती, काहींना नुसती झाक होती. पण ज्याच्या त्याच्या वावरात जांभळं निघालं होतं. तिच्या स्वतःच्या पट्टीतही निघालं होतं. लावणीच्या वेळी थोड्या रोपांचे देठ काळपट दिसले होते, तेव्हा तिनं ती उपटून फेकली होती आणि पावसाचं असेल म्हणून मनाची समजूत घातली होती. आता ते देठ तिला रोज आठवायचे.

गिरणीवर दळण टाकायला गेली तर बायांचं बोलणं थांबायचं. एकीनं हसतहसत विचारलंच, "आक्का, यंदा फैजपूरच्या दुकानातल्या नोकराचं खरं झालं म्हनायचं का? वांगी रंग जांभळाच!" सगळ्या हसल्या. तिच्या आतेसासूच्या नातीचाही त्यात आवाज होता.

दुसरी म्हणाली, "फुकटच्या बियाले काय दात मोजायचे, बाई. पन आक्कानं बाजारचं बी मिसळलं असंन तर सांगायचं तरी."

"मी? बाजारचं?" एवढंच आक्काच्या तोंडून निघालं. डबा तिथंच ठेवून ती घरी आली.

संध्याकाळी डिगू आला. बहिणीचा चेहरा पाहून तो तिच्याजवळ जमिनीवरच बसला.

"आक्का, जिवाले लावून घेऊ नको. होतं असं. तुहं वय झालं आता, डोळ्याले कमी दिसतं. गेल्या साली मोतीबिंदूचंही चाललं होतं तुहं. धुताना कुठलं दुसरं वांगं आलं असंन त्या बादलीत."

"माह्या घरात दुसरं वांगं येतंच कुठून, डिगू?"

"भाजीत येत नाही का? मुरलीभाऊ बाजारातून आनत असतीन."

तिनं आठवायचा प्रयत्न केला. मागच्या हिवाळ्यात डोळ्यांवर खरंच पडदा होता. चुलीपाशी बादली होती. नवऱ्यानं, मुरलीधररावांनी, बाजारातून काय काय आणलं होतं कुणास ठाऊक. आठवता आठवता ते जांभळं वांगं तिला बादलीत दिसायलाच लागलं. माणसाला एकदा आपलीच चूक वाटायला लागली की पुरावे आपोआप सापडत जातात.

"मग माहीच चूक," ती म्हणाली. "सगळ्यांची माफी मागाले पाहिजे."

डिगूनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "तुह्या मनाची तशी शांती होत असंन तर माग. मी येतो संगं."

आणि तो खरंच आला. कुमुदाक्कानं आपल्या पट्टीतली निवडून निवडून हिरवी वांगी पिशवीत भरली आणि घरोघर गेली. प्रत्येक दारात हात जोडून तिनं सांगितलं, "माह्या हातून चूक झाली. डोळ्यानं दगा दिला. पुढच्या साली असं होनार नाही." कुणी पाणी दिलं, कुणी नुसतं "बरं बरं" केलं. पुंडलिकची म्हातारी मात्र फटकन म्हणाली, "बापूच्या नावाले बट्टा लावला तू, बाई." वांग्यांची पिशवी डिगूच्या हातात होती. म्हातारीचं बोलणं त्यानं खाली मान घालून ऐकलं. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी युसूफभाई टेंपोवाला तिच्या दारापुढं थांबला. करंजोदचा निम्मा माल त्याच्याच गाडीतून जायचा. त्यानं खिडकीतूनच विचारलं, "आक्का, डिगूभाऊ घरी सापडंना. तुमच्याकडं आहे का?"

"नाही. काय काम होतं?"

"तो सुरतवाला हॉटेलवाला माझं डोकं खातोय. गेल्या साली डिगूभाऊनं काळी वांगी पाठवली होती ना, तशीच पाहिजे म्हणतो. यंदा लावली का नाही ते विचारायचं होतं."

"कुठली काळी वांगी?"

"ती नाही का, केळीच्या मागं होती नाल्याकडं. मीच भरली की गाडी. काय तजेला होता मालाला! आरशासारखी." मग आक्काचा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. "तुम्हाला ठाऊक असेल म्हणून बोललो, आक्का. काही चुकलं का माझं?"

"नाही, युसूफभाई. तुमचं काही चुकलं नाही."

ती घरात आली. मुरलीधरराव खाटेवर बसून पायाला तेल चोळत होते. युसूफभाईचं बोलणं आतपर्यंत आलं असणार, कारण त्यांनी मान वर केली नाही.

"ऐकलं का तुम्ही?"

"ऐकलं."

"डिगूनं केळीच्या आड काळी वांगी लावली होती. गेल्या साली. आपल्या बांधाच्या बाजूला."

मुरलीधरराव तेल चोळतच राहिले. त्यांना नवल वाटलं नाही एवढं तिला दिसलं. चाळीस वर्षांचा संसार होता. या माणसाला नवल वाटलं की तो आधी चष्मा काढतो, हे तिला पाठ होतं. चष्मा डोळ्यांवरच होता.

"तुम्हाले माहीत होतं."

"पानी द्यायले गेलो होतो तिकडं. दिसलं होतं."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू तिकडं धावली असती. भावाबहिनीत कशाले आग लावायची, म्हनून गप बसलो. मले काय माहीत यंदा असं निघंन."

"आन मी दारोदार हात जोडत हिंडत होते तेव्हा?"

मुरलीधररावांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "तेव्हा तर अजूनच सांगता येईना," ते म्हणाले.

कुमुदाक्कानं चप्पल पायात सरकवली आणि वावराकडं निघाली. वाटेत दोघी-तिघींनी हाका मारल्या, तिला ऐकू आल्या नाहीत. बापू गेल्यापासून बांधापलीकडं डोकावायची तिला कधी गरजच वाटली नव्हती. आज ती बांध ओलांडून, केळीच्या ओळींमधून आडवी नाल्यापर्यंत गेली. तिथं आता हरभरा होता. कडेला जुनी वाळकी खोडं उपटून टाकलेली होती. एक खोड तिनं उचललं. वांग्याचं खोड तिनं आंधळेपणीही ओळखलं असतं.

डिगू मोटारीच्या खोलीतून बाहेर आला आणि तिच्या हातात खोड पाहून जागीच थांबला.

"आक्का..."

"किती होती रे?"

"थोडीच होती. चार ओळी."

"खरं सांग."

"अर्धा बिघा असंन." तो तिच्याकडं न पाहता बोलायला लागला. "तो सुरतवाला मागंच लागला होता. बी त्यानंच दिलं. मले वाटलं, मधी केळी आहे, भुंगे काय एवढ्या लांब जातात? एकच साल लावू, कोनाले कळनार नाही. यंदा नाही लावली, आक्का. बघ, हरभरा आहे."

"लावली ते सोड. जांभळं निघालं, पुंडलिक दारात येऊन बोलला, तेव्हा तुले समजलं का नाही, हे कुठून आलं?"

त्यानं हात सदऱ्याला पुसले.

"समजलं होतं. समजलं म्हनून तर आला तू त्या संध्याकाळी. माह्या डोळ्याचं नाव घेतलं. मले वेडी ठरवली माह्याच चुलीपाशी. आन मग माह्या संगं पिशवी धरून हिंडला! पुंडलिकची माय मले बापूंचं बोलली, तू उभा होता तिथं."

"मले बोलायचं होतं, आक्का. दर दारात वाटे, आता बोलू. मग पुढचं दार यायचं."

"डिगू, मी तुले कधी काही मागितलं?"

या प्रश्नावर त्याचा चेहरा बदलला. इतका वेळ खाली असलेली मान वर आली. "तुले मागावं लागलंच नाही कधी. बापूंनी न मागता दिलं. विहिरीची बाजू तुले, बी तुले, नाव तुले. गावात मी कोन? आक्काचा भाऊ. सही केली मी, पेढे वाटले. कोनी एकदा तरी विचारलं का, डिगू, तुले काय वाटलं?"

कुमुदाक्का त्याच्याकडं बघत राहिली. एवढी वर्षं हा माणूस तिच्या घरी जेवला होता, तिच्या पाया पडला होता, आणि हे सगळं आत घेऊन वावरत होता. वांग्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी तिच्या हातून निसटून पडलं. पेढे वाटतानाचा तो हसरा चेहरा तिनं आयुष्यभर जपला होता. आता त्या चेहऱ्यावरही तिचा विश्वास उरला नाही.

"मले जमीन नको तुही," ती शेवटी म्हणाली. "वाटलं तर पट्टी परत घे. पन चंपाषष्ठीले देवळात सगळं गाव असंन. तिथं खरं सांग. एवढंच कर."

"सांगतो," डिगू म्हणाला. "खंडोबाची आन, सांगतो."

चंपाषष्ठीला करंजोदच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वांगं न खाणारी घरंही त्या दिवशी खातात. सकाळपासून देवळामागं कपाशीच्या काड्यांचा जाळ होतो, त्यावर वांगी खरपूस भाजतात, मग सोलून लाकडी उखळात हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचतात. दरवर्षी पहिलं वांगं जाळावर ठेवायचा मान कुमुदाक्काचा. यंदा तिला बोलावणं आलं नाही. तरी ती गेली. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. तिनं पदर खोचला आणि शेंगदाणे, कांद्याची पात, खोबरं घालून भरीत कालवायला बसली. सगळ्यांच्या वावरातून हिरवी तेवढी वांगी वेचून आणली होती. फोडणीचा वास देवळाभर पसरला.

आरती झाली. पंगत बसायला लागली तसा डिगू उठून उभा राहिला. कुमुदाक्काच्या हातात भरीताची बादली होती. ती तशीच थांबली.

"मंडळी, दोन शब्द बोलायचे होते," डिगूनं घसा साफ केला. "यंदा वांग्याचं जे झालं, त्यावरून गावात लई बोलनं झालं. माह्या बहिनीले लोक नाही नाही ते बोलले. मले एवढंच सांगायचं आहे..." त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, मग पंगतीत बसलेल्या आपल्या जावयाकडं पाहिलं. "एवढंच, की यात कोनाचीच चूक नाही. भुंग्यांचा काय भरवसा? कुठून कुठून येतात, काय काय घेऊन येतात! आक्कानं माफी मागितली आहे. आता सगळ्यांनी मोठं मन करून हे विसरून जावं. आक्का माही आहे, तशी गावाची आहे."

लोकांनी माना डोलावल्या. "बरोबर बोलला डिगूभाऊ," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी टाळीही वाजवली.

बादली तिथंच आपटावी आणि ओरडून सगळं सांगावं, असं तिच्या पायापासून डोक्यापर्यंत उसळून आलं. पण तिनं बादली दुसऱ्या हातात घेतली. ती वाढायला वाकली. पहिलं पान पुंडलिकचं होतं. तिनं वाढलं. मग त्याच्या म्हातारीला, मग पुढच्याला, ओळीनं. डिगूच्या पानापाशी ती आली. त्यानं रोडगा कुस्करून भरीतासाठी जागा केली होती. ती त्याच्या पानावरून पुढं गेली आणि शेजारच्या पानात भरीत वाढलं.

आधी लोकांना वाटलं, चुकून राहिलं. शेजारच्यानं म्हटलंही, "आक्का, डिगूभाऊचं राहिलं."

"राहिलं नाही," ती म्हणाली.

पंगतीतल्या माना तिच्याकडं वळल्या. ती ओळीच्या टोकापर्यंत वाढत गेली, परतली, दुसरी बादली घेतली आणि पुन्हा त्याच्या पानावरून तशीच पुढं गेली. डिगूच्या कुस्करलेल्या रोडग्यावर माशी बसली होती. त्यानं ती हाकलली नाही. मग त्याची बायको शैला बायकांच्या बाजूनं उठली, सगळ्यांसमोर म्हणाली, "सांगून टाका नं हो एकदा," आणि रडत देवळाबाहेर गेली.

डिगूनं काही सांगितलं नाही. तो पानावरून उठून गेला. पण गाव काही दूधखुळं नव्हतं. युसूफभाईच्या टेंपोत काय भरलं होतं ते आता बऱ्याच जणांना आठवलं. काहींना आधीपासूनच माहीत होतं, असंही निघालं. नाल्याकडच्या वाटेनं जाणाऱ्या दोघा-तिघांनी ती वांगी पाहिली होती. त्यांनाही, मुरलीधररावांसारखंच, भावाबहिणीच्या मधे पडायचं नव्हतं. पुंडलिक दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन बसला, बराच वेळ तंबाखू मळत राहिला आणि "आक्का, तू त्या दिवशी हात कशाले जोडले वो?" एवढं बोलून उठून गेला. म्हातारी आली नाही.

पुढच्या आखाजीला वाट्या घेऊन फार कमी लोक आले. बाकीच्यांनी दुकानातून पाकिटं आणली होती. राग म्हणून नव्हे, भरवसा उरला नाही म्हणून. कुमुदाक्कानं कुणाला बोलावलं नाही. डिगूनं काळी वांगी लावली त्याच्या आधल्या सालचं मूठभर बी डब्याच्या तळाशी राहिलं होतं. ते तिनं पेरलं, निम्मं उगवलं. फुलं उमलायच्या आधी एकेका कळीवर तिनं मलमलची पिशवी बांधली. येणारेजाणारे विचारायचे, "आक्का, हे काय, झाडाले टोपडी घातली का?" ती हसायची नाही. पूर्वी बी सगळ्यांचं होतं. आता ते बांधून ठेवावं लागत होतं, हे तिला पिशव्यांच्या गाठी मारताना दर वेळी बोचायचं.

मुरलीधररावांचा स्वयंपाक ती वेळेवर करायची. मात्र वावरात काय झालं, कोण भेटलं, कुणाला काय म्हटलं, हे पूर्वीसारखं सांगायची नाही. ते विचारायचे, "आज काय विशेष?" ती म्हणायची, "काही नाही."

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी डिगू आणि शैला दारात उभे राहिले. डिगूनं नवा सदरा घातला होता, हातात साडीचा पुडा होता. वर्षभरात तो बराच वाळला होता. "आक्का," त्यानं उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली, लहानपणी मार खाऊन आल्यावर मारायचा तशी.

कुमुदाक्का आतून आली. पदर नीट करून तिनं हात जोडले.

"या डिगंबरराव. बसा."

डिगूचा पाय उंबऱ्यावरच थांबला. "आक्का, शिव्या दे मले. थोबाडीत मार. पन असं नको बोलू."

"शैलाताई, तुम्ही पन बसा. चहा घेता का सरबत करू?"

शैलानं डोळ्यांना पदर लावला. दोघं खाटेच्या कडेवर बसली. कुमुदाक्कानं चहा केला, बशीत चिवडा आणि करंजी दिली, पावसापाण्याची चौकशी केली, नातवाच्या शाळेचं विचारलं. आरतीचं ताट तिनं काढलं नाही. डिगूनं चहा अर्धाच प्यायला. साडीचा पुडा त्यानं खाटेवर ठेवला, तो तिनं उचलून हळूच शैलाच्या पिशवीत परत घातला.

"तुम्ही यापुढं येऊच नये असं माहं म्हननं नाही," ती म्हणाली. "पाहुण्याले दार बंद करायची रीत नाही आपली."

ती दोघं उठली. पाहुण्यांना सोडायला जातात तशी ती ओट्याच्या पायरीपर्यंत आली. "सांभाळून जा," म्हणाली. डिगू गल्लीच्या वळणापाशी पोचला आणि त्यानं मागं वळून पाहिलं, तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. आत ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती, आणि मुरलीधरराव दारात उभे राहून, आत जावं की न जावं, याचा विचार करत होते.